दहा मैल, एकटीने

इंग्लंडमध्ये टाइम ट्रायलला, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावायच्या सायकल शर्यतीला, उतरायला रेसर असावं लागत नाही. धड सायकल, हेल्मेट, पुढे-मागे दिवा, एखाद्या क्लबचं सदस्यत्व आणि कॉफीच्या पैशांएवढी फी. लीड्समध्ये इतकी वर्षं राहूनही मला हे ठाऊक नव्हतं, कारण हा खेळ मी फक्त मोठ्या पातळीवरचा पाहिला होता.

2019 मध्ये जागतिक रोड सायकलिंग स्पर्धा आमच्या यॉर्कशरला आली, तेव्हा 24 सप्टेंबरला आम्ही हॅरोगेटला गेलो होतो. बायकांची टाइम ट्रायल रिपनहून हॅरोगेटला, 30.3 किलोमीटर. पाऊस असा की रस्त्यावर तळी साचली आणि शर्यत उशिरा सुरू झाली. एकेक बाई येणार, तिच्यामागे तिचं नाव लावलेली गाडी, आणि मागच्या भरीव चाकाचा पिठाच्या गिरणीसारखा घरघराट. तो टीव्हीवर ऐकू येत नाही. अमेरिकेची 22 वर्षांची क्लोई डायगर्ट 42 मिनिटं 11 सेकंदांत आली. दुसरी आलेली नेदरलँड्सची अॅना व्हॅन डर ब्रेगेन तिच्यापेक्षा तब्बल 92 सेकंद मागे. जिथे पदकं चार-पाच सेकंदांवरून हुकतात, तिथे दीड मिनिट! नवरा छत्रीखालून म्हणाला, "बाकीच्यांनी घरी जावं आता."

पुढे क्लबमध्ये गेले ते रविवारच्या सहलींसाठी. तिथल्या सत्तरीच्या एका बाईंनी मला "टेन" कर म्हणून मागे लागून लागून तयार केलं. टेन म्हणजे दहा मैल, 16.1 किलोमीटर, उन्हाळ्यात मधल्या वारी संध्याकाळी. त्यांचं म्हणणं, बेरिल बर्टनच्या गावाशेजारी राहून टाइम ट्रायल न करणं शोभत नाही.

बेरिल बर्टन आमच्या शेजारच्या मॉर्लीची. रूबार्बच्या (आंबट देठांच्या भाजीच्या) शेतात राबायची आणि सायकल चालवायची. 1959 पासून सलग 25 वर्षं ती बायकांमध्ये ब्रिटनची सर्वोत्तम अष्टपैलू टाइम ट्रायलिस्ट होती. 1967 मध्ये बारा तासांच्या शर्यतीत तिने 277.25 मैल काढले. पुरुषांचा नवा विक्रम त्याच शर्यतीत माइक मॅकनमाराने केला, तोही तिच्याहून पाऊण मैलाने कमीच. त्याला मागे टाकताना तिने खिशातली लिकरिशची, म्हणजे ज्येष्ठमधाची, गोड गोळी पुढे केली, त्यानेही ती घेतली. तिची जागतिक विजेतेपदं सात, पण त्यात टाइम ट्रायलचं एकही नाही. का, तर बायकांची जागतिक टाइम ट्रायल सुरूच झाली 1994 मध्ये, सिसिलीत. ऑलिंपिकमध्ये 1996 ला. जो खेळ तिच्या हाडामांसाचा, त्याचं जागतिक पदक तिच्या उमेदीच्या काळात अस्तित्वातच नव्हतं. मला याचा अजून राग येतो.

तर आमची टेन. नावनोंदणी एका गाडीच्या डिकीत. सही केली, नंबर घेतला. तो पाठीवर वर नाही, कमरेखाली लावायचा, म्हणजे वाकल्यावर मागून दिसतो. चार सेफ्टी पिना स्वतःच्या पाठीमागे लावणं हा वेगळाच क्रीडाप्रकार आहे. बाईंनी त्या लावून दिल्या, वर बजावलं, "परत आल्यावर पुन्हा सही कर. ती राहिली तर निकालात तू नाहीसच." जागतिक स्पर्धेत रस्ता बंद असतो, इथे मात्र ट्रॅक्टर, बस, घरी निघालेले लोक सगळे सोबत. वळणांवर स्वयंसेवक उभे असतात, पण त्यांना गाड्या थांबवता येत नाहीत. डोकं खाली घालून दामटणंही चालत नाही. समोर बघायचंच.

दर मिनिटाला एक जण सुटतो. माझी पाळी आली तेव्हा एका आजोबांनी सीट मागून धरली. मी दोन्ही पाय पेडलला अडकवले आणि सायकल जागच्या जागी उभी. पडायची भीती वाटली, पण त्या हाताला सवय होती. टाइमकीपरने तीस म्हटलं, मग दहा, मग पाच, चार, तीन. "शाबास, निघ," असं काहीतरी ते आजोबा यॉर्कशरी ढंगात म्हणाले आणि सोडलं. ढकलायचं नसतं, नुसतं सोडायचं.

पहिला मैल मुद्दाम हळू काढायचा, हे मला घोकून सांगितलेलं. पाय ताजे असतात आणि वाटतं, अजून किती तरी जाईल. वारा पाठीशी होता, त्यामुळे राउंडअबाउटपर्यंतचे पाच मैल पंधरा मिनिटांत झाले. तिथे वळलं आणि तोच वारा तोंडावर आला. अर्धं अंतर संपलं म्हणजे अर्धा वेळ संपला असं नसतं, हे मांड्यांना पहिल्यांदा कळलं. थोड्याच वेळात मागून घरघर ऐकू आली. माझ्यानंतर मिनिटाने सुटलेला मुलगा बघता बघता पुढे गेला. त्याच्या आडोशाला राहिले असते तर वाऱ्यापासून सुटका होती, पण नियमात बसत नाही. त्याला पुढे जाऊ द्यायचं, मध्ये अंतर पडू द्यायचं, आणि सगळा वारा आपण खायचा. शेवटचे दोन मैल दुसरं काही सुचत नव्हतं. ना घर, ना ऑफिस. फक्त पुढचा खांब, मग त्याच्या पुढचा.

रेषेवर नंबर ओरडायचा असतो. माझ्या घशातून धड आवाज निघाला नाही, पण टाइमकीपरला समजलं. 33 मिनिटं 40 सेकंद. डायगर्टचा हॅरोगेटचा सरासरी वेग धरला तर तिला हे अंतर साडेबावीस मिनिटांच्या आत जमलं असतं. अंतर, घड्याळ, वारा सगळं उघडं असल्यामुळे या खेळात आपण जगातल्या सर्वोत्तम बाईच्या नेमकं किती मागे आहोत ते लगेच काढता येतं, आणि गंमत म्हणजे त्याचं वाईट वाटत नाही.

सही केली. गावच्या हॉलमध्ये चहा आणि कुणीतरी घरून आणलेला केक. रात्री आईला फोन केला.

"कितवी आलीस?"

"खालून मोजलंस तर लवकर सापडेन."

"आणि बाई किती होत्या?"

"आठ."

"मग आठातली कितवी ते सांग ना गं सरळ!"

सहावी.