उन्हाळा काढतील तीच कोरल्स

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल्स, म्हणजे प्रवाळ, ठेवायची होती. इंटरनेटवर 'नवशिक्यांसाठी सोपी कोरल्स' अशा याद्या ढिगाने सापडतात. मीही त्या वाचल्या. पण त्या लिहिणाऱ्यांच्या घरी टँकमध्ये बारा महिने हीटर लागतो, हे त्यांच्या फोटोंवरूनच कळतं. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री सोडल्या तर हीटरला काम नाही. आपला सगळा झगडा एप्रिल-मेशी. त्यामुळे त्या यादीतलं सोपं ते इथे सोपं असेलच असं नाही, आणि माझी निवड त्यामुळेच रेंगाळली.

टँक तसा लहान, दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढाच उंच. दगड आणि वाळू वजा जाता सत्तरेक लिटर पाणी. स्टँड उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतला, अँगल जाड घ्यायला लावला, कारण एवढ्या पाण्याचं आणि दगडांचं वजन टीपॉयवर टाकणं शहाणपणाचं नाही. अमोनिया आणि नायट्राइट ही माशांच्या घाणीतून होणारी विषं शून्यावर आली होती, क्लाउनफिशची जोडी रुळली होती. आता कोरल्स.

इचलकरंजीत एक काका आहेत, यंत्रमागवाले, खाऱ्या पाण्याचा नाद जुना. त्यांना फोन केला की कोणती घेऊ. ते म्हणाले, "ताई, दुकानात काय भारी दिसतंय ते मागनं बघा. आधी मे महिन्यात तुमच्या हॉलमधलं पाणी किती तापतंय ते मोजा." मग तो उन्हाळा मी नुसता मोजण्यात घालवला. दुपारी तीनच्या सुमाराला पाणी ३१ अंशांवर. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, त्याला झूझँथेली म्हणतात. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. पाणी फार काळ तापलेलं राहिलं की कोरल हे शैवाल बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. आरामाचं तापमान २४ ते २७. पाणी थंड करणारं यंत्र, चिलर, घ्यायचा तर टँकपेक्षा महाग, शिवाय विजेचं बिल. म्हणून कॉम्प्युटरमधले दोन छोटे पंखे पाण्यावर तिरके लावले. बाष्पीभवनाने पाणी २८ वर आलं. किंमत म्हणून रोज लिटर-सव्वा लिटर पाणी उडायचं. मीठ मात्र उडत नाही, त्यामुळे भर घालायची ती गोड्या आरओच्या पाण्याची. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दिसलं की थांबायचं. सासूबाईंनी हे काम आपणहून अंगावर घेतलं, तुळशीला पाणी घालून झालं की टँकला.

हा २८ चा आकडा हातात आला आणि यादी आपोआप छाटली गेली, २८ सोसतील तीच उरली.

त्याआधी कायद्याचं सांगते, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी दगडी कोरल्स घातली गेली, काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखेही. म्हणजे वाघाच्या रांगेत. आता गंमत अशी की हॅमर आणि टॉर्च ही कोरल्स दिसायला गुबगुबीत, पाण्यात डोलणारी, त्यामुळे विक्रेते ती बिनदिक्कत 'सॉफ्ट', म्हणजे मऊ कोरल्स, म्हणून दाखवतात. फुगलेलं अंग आत घेतलं की खाली चुन्याचा कडक सांगाडा असतो. ती दगडीच. मी प्रत्येक वेळी मिटलेल्या अवस्थेतला फोटो मागायची. बुडाशी दगडी कप दिसला की विषय बंद. आणि टँकमध्ये वाढवलेला तुकडा असेल, बिल मिळेल, तरच पुढचं बोलणं.

मालवणच्या नातेवाइकांनी प्रेमाने विचारलं होतं, "दगड हवेत का? पाणी देऊ का कॅनभरून?" मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती जिवंत प्रवाळ आहे. तिथला दगड उचलणं म्हणजे गुन्हा. पाणीही नको म्हटलं. किनाऱ्यालगतचं पाणी पावसाळ्यात गढूळ, खाड्यांमुळे पातळ होतं, त्याचा भरवसा नाही. सॉल्ट मिक्स बरं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. त्याऐवजी सोलकढीसाठी आमसुलं पाठवा म्हटलं, ती आली.

सगळ्यात मोह पडला तो कार्नेशन नावाच्या कोरलचा. लाल-नारिंगी, काचेतून केलेल्या फुलकोबीसारखं, आणि भाव सुद्धा परवडणारा. नावाने सॉफ्ट कोरलच. पण याच्या अंगात ते शैवालच नाही. समुद्रात वाहत येणारे बारीक जीव दिवसरात्र खाऊन ते जगतं. सत्तर लिटरच्या डब्यात तेवढं अन्न ओतलं तर पाणी सडेल, नाही ओतलं तर कोरल हळूहळू झिजून जाईल. मऊ आणि सोपं हे एकच नाही, हे याच्यामुळे डोक्यात पक्कं बसलं.

उरलेल्यांत प्रश्न उलटा होता: कोणतं मरेल हा नाही, कोणतं आवरणार नाही हा. झेनिया मुठी उघडझाप करतं, मुलगा त्यावर फिदा. पण ते मानवलं तर दगड, काच, पंपाची जाळी, कुठेही चढतं, आणि नाही मानवलं तर रातोरात विरघळतं. ग्रीन स्टार पॉलिप म्हणजे जांभळ्या चटईवर हिरवं गवत. एकदा मुख्य दगडाला चिकटलं की दुसऱ्या कोणाला जागा नाही. केनिया ट्री स्वतःच्या फांद्या गाळतं आणि प्रत्येक फांदी पडेल तिथे रुजते. मोठ्या टँकवाल्यांना हे चालत असेल. दोन फुटांत मला रोज कात्री घेऊन बसायचं नव्हतं. तिन्ही बाद.

ठरली ती अशी. मशरूम कोरल, तांबडं डिस्कोसोमा, तळाशी, जिथे उजेड आणि प्रवाह दोन्ही कमी. झोआ, म्हणजे झोअँथिड, दगडावर चटईसारखी पसरणारी, पण मुख्य दगडावर नाही. वाळूत वेगळा ठेवलेला एक चपटा दगड, म्हणजे पसरली तरी वाळूपाशी अडतील. आणि टोडस्टूल लेदर, छत्रीच्या आकाराचं मऊ कोरल, एकच, मधोमध, भोवती वीतभर मोकळी जागा सोडून. लेदर पाण्यात टर्पीन नावाची रसायनं सोडून शेजाऱ्यांची वाढ दाबतं. लहान पाण्यात हे जास्त जाणवतं, म्हणून फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी कायम, आणि ती दर महिन्याला बदलायची. खरं तर मशरूम आणि झोआ शास्त्राप्रमाणे सॉफ्ट कोरलही नव्हेत. लेदरच्या पॉलिपला, म्हणजे कोरलच्या एकेका बारक्या जिवाला, आठ पिसांसारखी बोटं असतात, या दोघांची जातकुळी समुद्रफुलांकडे जाते. दुकानात मात्र तिघं एकाच ट्रेमध्ये.

भाचा मुंबईत असतो. त्याने कोरल्सचा थर्मोकोलचा डबा महालक्ष्मी एक्सप्रेसने आणला, रात्रीचा प्रवास, डब्यात अंधार, ऊन लागायचा प्रश्न नाही. स्टेशनवरून घरी आणल्यावर पिशव्या आधी टँकमध्ये तरंगत ठेवल्या, मग एअर पाइपला गाठ मारून तासभर थेंब थेंब पाणी त्यांत सोडलं. नंतर प्रत्येक कोरल आयोडीनच्या पाण्यात बुडवून हलवलं. एका प्लगच्या, म्हणजे कोरलचा तुकडा चिकटवलेल्या बैठकीच्या, बुडाशी काचेसारखं बारकं समुद्रफूल निघालं, एप्टेशिया. ते एक आत गेलं असतं तर टँकभर झालं असतं. प्लगच कापून टाकला.

झोआ हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा. यांपैकी काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. जखमेतून किंवा डोळ्यांत गेलं तर दवाखाना गाठावा लागतो, आणि झोआ असलेला दगड गरम पाण्यात उकळला तर वाफेतून घरातल्या सगळ्यांना बाधतं. आमच्याकडे ज्या त्या गोष्टीवर उकळतं पाणी ओतायची पद्धत, म्हणून हे सासूबाईंना आणि कामाच्या मावशींना दोघींनाही समोर बसवून सांगितलं. कोरलचा दगड बाहेर काढायचा तो मीच.

मशरूम दुसऱ्याच दिवशी फुगली, झोआ आठवड्याच्या आत उघडल्या. लेदर मात्र मिटलं, वर मेणचट पापुद्रा, रंग मळका. घरात सगळे म्हणाले गेलं ते. काकांना फोटो पाठवला. "वास येतोय का?" एवढंच विचारलं त्यांनी. नाकाशी नेऊन बघितलं, समुद्राचाच वास. "मग कात टाकतंय. हात लावू नका, जरा प्रवाह वाढवा." लेदर असं अधूनमधून करतंच, कातीबरोबर त्यावर चढलेलं शेवाळ निघून जातं. सडलेलं असेल तर अंग सैल पडून गळायला लागतं आणि दुर्गंधी अख्ख्या हॉलमध्ये फिरते. पाण्यात प्रवाह करणारा पंप, वेव्हमेकर, थोडा वळवला, पापुद्रा तुकड्या-तुकड्यांनी उडाला आणि खालून पिवळसर पॉलिप पूर्ण बाहेर आले.

देखभालीसाठी दुपारभर वीज जाते तेव्हा दिवे बंद राहिल्याने कोरल्सचं काही बिघडत नाही. अडतं ते ऑक्सिजनपाशी, आणि तेही माशांचं आधी. बॅटरीवर चालणारा एअर पंप शेजारच्या खिळ्याला टांगलेला आहे. पावसाळ्यात पंख्यांचा उपयोग कमी होतो, हवाच ओली. पण तेव्हा पाणी आपणहून २६ वर असतं.

आता रिकॉर्डिया घ्यायचं मनात आहे. तेही मशरूमच, पण रंग वेगळा आणि भाव त्याहून वेगळा. विचारून ठेवलाय. काकांनी सांगितलं, आत्ता मागवू नका, मार्च लागला. मिरगाचा पाऊस पडला की भाच्याला सांगा.