चिगुळेच्या डोंगरावर, कणकुंबीच्या पाण्यापाशी

बेळगावहून गोव्याला निघालेली मंडळी कणकुंबी गाडीच्या काचेतूनच बघतात. चोर्ला घाट उतरायची घाई असते ना. आम्ही मात्र मुद्दाम कणकुंबीला उतरलो. जांबोटी मागे पडली की रान रस्त्यावर वाकतं, तेवढ्यासाठीसुद्धा यावं.

माउलीच्या देवळाशेजारच्या दगडी कुंडात, सुमारे 792 मीटर उंचीवर, मलप्रभा उगम पावते. इथलं पाणी 304 किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळतं. गावाजवळचाच कळसा नाला मात्र उलटीकडे, म्हादईला जातो. हे पाणी कालव्याने मलप्रभेकडे वळवण्यावरून कर्नाटक आणि गोव्याचं किती वर्षं भांडण चाललंय! 2018 मध्ये लवादाने कळसा आणि भांडुरा या दोन नाल्यांवरून वळवायला कर्नाटकला 3.9 टीएमसी पाणी दिलं, तरी ते मिटलं नाही.

कणकुंबीजवळच्या चिगुळे गावाचा डोंगर तसा साधाच. चढून दम लागत नाही, पण कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण आणि गोव्याकडचं रान पसरलेलं. धुकं मिनिटाला पडदा ओढत होतं. आणि नेमकी तेव्हाच एक टोळी मोठा स्पीकर घेऊन आली. तिथल्या देवळापुढे धिंगाणा, प्लॅस्टिकच्या बाटल्या. रविवारी इथे येऊच नये, असं माझं स्पष्ट मत झालंय.

तेवढ्यात पाऊस कोसळला. गावातल्या एका आजींनी पडवीतून हाक मारली, "भिजालासा की! आत या आधी." चुलीपाशी बसवलं, नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी पुढे केली. आम्ही नको नको म्हणत दोन-दोन भाकऱ्या संपवल्या. चूल धुरत होती, डोळे चुरचुरत होते, पण उठवत नव्हतं. कालव्याचा विषय काढला तर आजी म्हणाल्या, "न्या म्हणावं कुठं न्यायचं तिकडं. आमच्या नळाला उन्हाळ्यात पाणी सोडा म्हणजे झालं." एवढा पाऊस झेलणाऱ्या गावात हे ऐकून काय बोलावं ते सुचेना. निघताना नोट पुढे केली, तर चिडल्याच. "देवाला आलासा की हाटेलात?" शेवटी नातवाच्या हातात बिस्किटाचा पुडा कोंबून निघालो.

दुसऱ्या दिवशी वज्रपोहा धबधबा लांबूनच पाहिला. तिथेही स्पीकर होता. कालचाच की दुसरा, ते बघायला कोण थांबतंय!