आमची वाटचाल : गणपती पेठेतला पहिला मजला

२००९ साली मी आणि माझ्या मावसभावानं सांगलीच्या गणपती पेठेत पहिल्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली घेतली. लॅपटॉप दुरुस्त करणारे तेव्हाही होते, पण प्रोसेसर बदलायला कुणी हात लावत नव्हतं. आम्ही लावला. इंटेलच्या कोर टू ड्युओचा टी ५००० मालिकेतला जुना प्रोसेसर काढायचा, चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप) बघून जास्त वेगाचा टी ९३०० बसवायचा. भाऊ रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जायचा आणि लॅमिंग्टन रोडवरून माल घेऊन यायचा.

त्याचा हात फार हलका. चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं सॉकेटचा स्क्रू अर्धा फिरवला की चिप अलगद सुटायची. चिपची उष्णता बाहेर नेणारी, आता चुन्यासारखी वाळलेली पेस्ट तो आयपीए या अल्कोहोलनं पुसायचा, चिपच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा आणि कीबोर्डखाली मार्करनं तारीख घालायचा.

२०१३ मध्ये चार वर्षांच्या ओळखीच्या व्यापाऱ्यानं आम्हाला इंटेलचे तिसऱ्या पिढीचे चौदा आय सेव्हन प्रोसेसर दिले. पैसे पतसंस्थेचे. त्यातले नऊ बसवून झाले आणि तक्रारी सुरू झाल्या. कुणाचं मशिन हँग, कुणाचं बायोस (मशिन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) अपडेट केल्यावर सुरूच होईना. उरलेल्या चिपा भिंगाखाली धरल्या, तर वर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ छापलेलं आणि विक्रीच्या चिपांवर असतो त्या एसआरच्या जागी क्यूनं सुरू होणारा कोड. ते कंपनीचे, विक्रीसाठी नसलेले चाचणीचे नमुने होते. व्यापाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. खालचा दुकानदार जिन्याशी उभा राहून गिऱ्हाइकांना सांगायचा, “वर जाऊ नका, डुप्लिकेट घालतात.” हे मी आजही विसरलेलो नाही. फसलो आम्ही आणि नावही आमचंच खराब झालं. नऊही जणांना आम्ही आपणहून बोलावलं आणि पदरमोड करून चांगले प्रोसेसर घातले. त्यासाठी भावानं मोटरसायकल विकली. पुढच्या वर्षी तो नोकरीला पुण्याला गेला.

त्या नऊ जणांत विश्रामबागचे एक सिव्हिल इंजिनिअर साहेब होते. त्यांनी थिंकपॅड टी ४३० लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “आठ दिवस लागू देत, पण नीट करून दे. मी दुसरीकडे नेणार नाही.” मूळच्या आय फाइव्ह ३३२० एमच्या जागी आम्ही आय सेव्हन ३६३२ क्यूएम घातला. दोनाचे चार कोर झाले, पण वॅट, म्हणजे तापणं, दोन्हीकडे ३५च, म्हणून हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) तोच चालला. ४५ वॅटचा घालायचा मोह अनेकांना होतो. घालू नका. आणि बायोस अपडेट करायचं ते जुना प्रोसेसर आत असतानाच. चिप घेताना कोड वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. नुसता वेग हवा असेल तर आधी एसएसडी टाका, पंखा साफ करा, मग प्रोसेसरचं बघू.

इंटेलच्या लॅपटॉपमध्ये पाचव्या पिढीपासून प्रोसेसर बोर्डावरच सोल्डर होऊन येऊ लागले. आमचं मुख्य काम तिथंच आटलं. आता एसएसडी, रॅम, बिजागऱ्या आणि चार्जिंगची कामं असतात.

गेल्या दिवाळीआधी साहेब टी ४३० घेऊन आले, पंखा ओरडत होता. कीबोर्ड उचलला तर भावाच्या अक्षरातली २०१३ची तारीख तशीच होती. पेस्ट बदलली आणि त्या तारखेखाली नवी तारीख घातली.