पीळ कागदावर होता, वाक नव्हता

बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका केमिकल प्लांटमधून तो शाफ्ट टेम्पोत घालून आमच्या मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये आला, तेव्हा त्याच्यासोबत दोन पत्रं होती. प्लांटचं म्हणणं, माल निकृष्ट आहे. ज्या फॅब्रिकेटरने तो बनवला त्याचं म्हणणं, ऑपरेटरने मशीनवर नको तेवढा लोड घातला. आम्ही गिअरबॉक्स आणि अ‍ॅजिटेटरची कामं करतो. हा शाफ्ट आमच्याकडचा नव्हता, त्यामुळे आमचं मत दोघांनाही चालणार होतं. डिझाइन मी बघते, म्हणून काम माझ्याकडे आलं.

रिअ‍ॅक्टरमधला माल ढवळणारा हा शाफ्ट. एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार), ६० मिमी व्यासाचा, भरीव. खालच्या बेअरिंगपासून साधारण २ मीटर खाली लोंबकळणारा आणि टोकाला ९०० मिमी व्यासाची पाती. वर ७.५ किलोवॅटची मोटर, गिअरबॉक्समधून निघणारे फेरे मिनिटाला ७२. जमिनीवर ठेवल्या ठेवल्या दिसत होतं की खालचं टोक एका बाजूला गेलंय. तुटला नव्हता, चीरही दिसत नव्हती. डाय पेनिट्रंट (बारीक चिरा दाखवणारा रंग) मारून पाहिलं, लाल रेघ कुठेच उमटली नाही. म्हणजे महिनोन् महिने थकून गेलेला शाफ्ट नव्हता हा. एकाच दणक्यात धातूने हार मानली होती.

आमचे टर्नर काका आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. त्यांनी शाफ्टवर हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, याला पीळ पडलेला नाही. हा वाकलाय."

दोन्ही पत्रांत शब्द होता 'ट्विस्ट झाला'. त्यामुळे काकांचं म्हणणं आधी तपासायचं ठरवलं. बेअरिंगचा भाग सरळ होता, तो लेथच्या चकात धरला, शाफ्ट हाताने हळूहळू फिरवला आणि बेअरिंगपासून खाली थोड्या थोड्या अंतरावर डायल, म्हणजे काट्याचं मापक, लावत गेलो. बेअरिंगच्या लगेच खालच्या वीतभर भागात काटा एकदम पळायला लागला. त्यापुढे रनआउट (फिरताना शाफ्टचं मध्यापासून हटणं) वाढत गेला, पण जवळजवळ एकाच दराने, म्हणजे तिथून खाली शाफ्ट सरळच होता. मग वरच्या कपलिंगची आणि खालच्या हबची, अशा दोन्ही की-वेमध्ये (शाफ्टवरच्या लांबट खाचांत) त्यांच्या चाव्या, म्हणजे लोखंडी पट्ट्या, बसवून पाहिल्या. ड्रॉइंगमध्ये त्या एका रेषेत होत्या. प्रत्यक्षातही जवळजवळ एका रेषेतच निघाल्या.

हे दोन पुरावे मला फार मोलाचे वाटतात. शाफ्टला पीळ बसतो तेव्हा तो वरपासून खालपर्यंत सारखाच असतो, कारण टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, वाटेत कुठे कमी होत नाही. पिळाने शाफ्ट गेला असता तर तो सगळ्या लांबीत गेला असता आणि दोन चाव्यांच्या रेषा एकमेकींपासून फिरल्या असत्या. वाकाचं तसं नसतं. खालच्या टोकाला आडवा रेटा बसला की त्याचा मोमेंट (रेटा गुणिले अंतर, म्हणजे वाकवणारा जोर) टोकाशी शून्य आणि वर जावं तसा वाढत जातो. सगळ्यात जास्त जिथे शाफ्ट धरून ठेवलेला असतो तिथे, म्हणजे बेअरिंगपाशी. आपला शाफ्ट नेमका तिथेच गेला होता.

मालाचा प्रश्न लवकर मिटला. शाफ्टच्या टोकावर पंच केलेला हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक) मिलच्या सर्टिफिकेटशी जुळला. धातूतले घटक मोजणारी तपासणीची गन लावली तर क्रोमियम १६ ते १८ टक्क्यांत, निकेल १० ते १४ मध्ये, मॉलिब्डेनम २ ते ३ मध्ये. ३१६ ला हेच लागतं. सर्टिफिकेटवरची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा आकार बदलायला लागतो ती, हीही २०५ एमपीएच्या (मेगापास्कल, ताणाचं एकक) किमान मर्यादेच्या वर. निकृष्ट माल नव्हता.

मग प्रश्न उरला आडव्या रेट्याचा. तो आला कुठून? हे ऑफिसात बसून कळण्यासारखं नव्हतं. दुपारी दशरथ, रणोली ही गावं मागे टाकून नंदेसरीला पोचले.

मेंटेनन्सचे साहेब दांडिया बाजारातले, माझ्यापेक्षा बरेच सीनियर, आणि आम्ही दोघंही कलाभवनचे. सयाजीरावांनी १८९० साली सुरू केलेल्या त्या संस्थेचं नाव आज विद्यापीठाच्या यादीत वेगळं असलं तरी बडोद्यात इंजिनिअरिंग शिकलेला माणूस 'कलाभवन' असंच म्हणतो. साहेबांनी चहा सांगितला आणि सरळ विचारलं, "अहो मॅडम, आमची चूक आहे का त्यांची, एवढं सांगा."

मी म्हटलं, "साहेब, त्या पाळीला मशीनवर जो होता त्याला बोलवा. त्याच्यावर कुणी रागावणार नाही, असं आधी सांगा त्याला."

ऑपरेटर तरुण होता आणि घाबरलेला. पहिलंच वाक्य बोलला, "बेन, लाइट गई हती." मग अर्धं गुजराती अर्धं हिंदी असं सगळं सांगितलं. बॅच चालू असताना वीज गेली. ढवळणं थांबलं, जॅकेटमधली, म्हणजे टाकीभोवतीच्या आवरणातली, उष्णताही गेली. आतला माल थंड झाला की त्याचे खडे धरतात, हे त्याला माहीत होतं. वीज आल्यावर त्याने नेहमीसारखं स्टार्टचं बटण दाबलं. 'ठक' असा आवाज आला, मोटर घुमली आणि थोड्या वेळाने ट्रिप झाली. आपली नोकरी जाणार, या भीतीने त्याने 'ठक'बद्दल कुणाला सांगितलंच नव्हतं. ते सांगितलं म्हणून सगळं कोडं सुटलं. मी त्याला साहेबांसमोरच म्हटलं, की आज सगळ्यात कामाची माहिती तू दिलीस.

तळाशी बसलेल्या खड्यांचा ढीग चारही पात्यांसमोर सारखा नसतो. एक पातं आधी अडकतं, बाकीची मोकळी असतात. चारही पात्यांवर सारखा विरोध असेल तर आडवे रेटे एकमेकांना खोडून काढतात आणि शाफ्टला फक्त पीळ जाणवतो. एकच पातं अडलं की खोडून काढणारं कुणी उरत नाही. मोटर फिरवायला बघते, पातं हलत नाही, आणि तो सगळा जोर शाफ्टच्या टोकाला एका बाजूने ढकलतो.

साहेबांच्या टेबलावरच हिशेब केला. ७.५ ला ९५५० ने गुणून ७२ ने भागलं की टॉर्क येतो जवळपास ९९५ न्यूटन-मीटर. अडकलेल्या वेळेसाठी दीडपट धरला, १४९२. डायरेक्ट स्टार्टरवर मोटर सुरू होताना त्याहूनही जास्त ओढू शकते, पण दीडपटीतच सगळं स्पष्ट झालं. फॅब्रिकेटरच्या डिझाइनरची शीट मी सोबत नेली होती. त्यानेही दीडपटच धरली होती, आणि ६० मिमीच्या शाफ्टवर पिळामुळे येणारा शिअर स्ट्रेस (धातूचे थर एकमेकांवरून सरकवणारा ताण) त्याच्या शीटवर ३५ एमपीए होता. ३१६ ची शिअरमधली यील्ड त्याने २०५ च्या निम्मी, म्हणजे १०२.५ धरली होती. फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे ताकद ताणाच्या किती पट, २.९. शीट तिथेच संपत होती. त्यातला एकही आकडा चुकीचा नाही.

आता अडकलेल्या पात्याचा रेटा. तो पात्याच्या त्रिज्येच्या पाऊण अंतरावर बसतो असं धरायची पद्धत आहे. त्रिज्या ४५० मिमी, तिचा पाऊण भाग ३३७.५ मिमी. १४९२ ला त्याने भागलं की रेटा सुमारे ४४२० न्यूटन. हा रेटा २ मीटर खाली. बेअरिंगपाशी मोमेंट झाला ८८४० न्यूटन-मीटर, म्हणजे टॉर्कच्या जवळजवळ सहापट!

वाक आणि पीळ दोन्ही एकत्र असताना त्यांची सरळ बेरीज करत नाहीत. दोघांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं, तो झाला इक्विव्हॅलंट टॉर्क. तो ८९६७ आला. ६० मिमीच्या शाफ्टवर त्याने शिअर स्ट्रेस येतो २११ एमपीए, आणि धातू १०२.५ लाच हार मानतो. नुसता वाकाचा स्ट्रेस पाहिला तरी तो ४१७, यील्डच्या दुप्पट. साहेब आकडे पाहत राहिले. मग मी त्यांना उलटा हिशेब दाखवला, कारण तो मनाला जास्त भिडतो: हा शाफ्ट कायमचा वाकायला सुरुवात व्हायला खालच्या टोकाला फक्त सव्वादोनशे किलोच्या आसपास आडवा रेटा पुरे होता.

यामागचा सिद्धांत जुना आहे. फ्रान्समध्ये त्रेस्काने १८६४ साली धातू दाबून, ढकलून पाहिले आणि मऊ धातू शिअरने हार मानतात असं मांडलं. १९०० साली गेस्टने नळ्यांवर पीळ, ओढ आणि आतला दाब एकत्र लावून प्रयोग केले. पुढे १९१३ मध्ये फॉन मिझेसचा निकष आला. तुटण्याआधी बरंच ताणल्या जाणाऱ्या स्टीलसाठी तो थोडा जास्त अचूक मानतात. इथे वाक इतका वरचढ होता की दोन्ही निकषांची उत्तरं जवळजवळ सारखीच येतात. इतक्या जुन्या आणि पक्क्या गोष्टी असूनही असे शाफ्ट वाकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण सूत्र न येणं हे नसतं. पीळ मोटरच्या नेमप्लेटवर लिहिलेला असतो. किलोवॅट आणि फेरे, दोन आकडे, झाला टॉर्क. आडवा रेटा कुठेच लिहिलेला नसतो. तो शोधावा लागतो, प्लांटमधल्या माणसाला विचारावा लागतो. आणि त्या डिझाइनरला दिलेल्या डेटा शीटवर घनता होती, व्हिस्कॉसिटी (दाटपणा) होती, टाकीचं माप होतं. माल थंड झाला की खडे धरतात, हे एका ओळीनेही लिहिलेलं नव्हतं. माझ्या मते त्याने विचारायला हवं होतं आणि प्लांटने सांगायला हवं होतं. साहेबांना मी हेच सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं आणि माझ्यासमोरच फॅब्रिकेटरला फोन लावून सांगितलं, की मालाबद्दलची तक्रार मागे घेतो.

थर्मल रिलेबद्दलही, म्हणजे जास्त करंटने तापून मोटर बंद करणाऱ्या स्विचबद्दल, बोलणं झालं, कारण साहेबांचा पहिला प्रश्न होता, "मोटर ट्रिप झाली ना, मग शाफ्ट कसा गेला?" तो रिले मोटरची वाइंडिंग वाचवायला असतो. तापायला त्याला काही सेकंद लागतात. शाफ्ट त्याच्या कितीतरी आधी वाकून मोकळा होतो.

आता उपाय. भरीव शाफ्टच हवा असेल तर ९० ते ९५ मिमी लागत होता, आणि त्या जाडीचा २ मीटरचा ३१६ चा बार म्हणजे वजन दुपटीहून जास्त. तळाशी फूट बेअरिंग द्यावं, असं तिथल्या फिटरने सुचवलं. एरवी चांगली सूचना, पण खड्यांच्या मालात त्याचं बुश किती दिवस टिकणार? झिजलं की शाफ्ट पुन्हा लोंबकळताच.

मी पाइप सुचवला. चार इंची शेड्यूल ८० चा (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीची श्रेणी) पाइप, बाहेरून ११४.३ मिमी, जाडी ८.५६. या पाइपात आणि ६० मिमीच्या भरीव बारमध्ये धातू जवळजवळ सारखाच असतो, मीटरला साडेबावीस किलोच्या आसपास. पण तोच धातू मध्यापासून दूर गेल्यामुळे वाकाला तोंड देण्याची ताकद ३.३ पट होते आणि ताठपणा सहापटीहून जास्त. २११ चा शिअर स्ट्रेस उतरून ६४ वर येतो. पक्ष्यांची हाडं आणि बोरू पोकळ का असतात, याचं हेच कारण गॅलिलिओने १६३८ साली लिहून ठेवलं होतं. एवढ्या वर्षांनीही ही तुलना कागदावर उतरताना पाहिली की मला आनंद होतो, तो लपवत नाही.

फक्त पाइप बदलून भागत नाही. सगळ्यात जास्त मोमेंट बेअरिंगपाशी, आणि तिथे सील बसायचं म्हणून भरीव बुंधा लागतो. तो ९० मिमीचा केला, तिथेही स्ट्रेस ६३ च्या आत राहिला. बुंधा आणि पाइप यांचा वेल्ड बेअरिंगला अगदी चिकटून ठेवू नका, जमेल तितका खाली घ्या, असं ड्रॉइंगवर लिहिलं. पाइप ३१६ एल (कमी कार्बनचा ३१६) असेल तर यील्ड १७० धरावी लागते, म्हणून दोन्ही ग्रेडचं सर्टिफिकेट असलेला पाइपच घ्यायचा, हेही. लँटर्नमध्ये, म्हणजे गिअरबॉक्स आणि टाकी यांच्यामधल्या सांगाड्यात, दोन बेअरिंग होती, त्यामुळे वाक तिथेच अडतो आणि गिअरबॉक्सला फक्त टॉर्क जातो. गिअरबॉक्स बदलायची गरज पडली नाही. बेअरिंग आणि सील मात्र मोठं घ्यावं लागलं, आणि खर्चाचा मोठा भाग तोच होता.

निघताना साहेबांनी बाकीच्या रिअ‍ॅक्टरची ड्रॉइंग काढली. ६० मिमीचे शाफ्ट आणखी होते. एकात नुसता सॉल्व्हंट, काहीच खडे धरत नाही. तो बदलू नका म्हटलं, उगाच पैसे जातील. दुसऱ्यात हाच माल होता. त्याच्यासाठीही पाइपची ऑर्डर द्यायचं ठरलं. तो येईपर्यंतचा नियम साहेबांनी ऑपरेटरलाच लिहायला लावला: बंद पडलेली बॅच पुन्हा सुरू करण्याआधी जॅकेट गरम करायचं, मेन स्विच बंद करून कुलूप लावायचं, मोटरचा पंखा हाताने फिरवून बघायचा. सहज फिरला तरच कुलूप काढायचं.