अंबाबाईचं दर्शन झालं, आता खरी कॉर्नर

आमच्याकडं कोल्हापुरात येणाऱ्या पाहुण्यांची यादी ठरलेली असते: अंबाबाई, रंकाळा, चप्पल, तांबडा-पांढरा. त्यात मी सिनेमा, नाटक आणि गाण्याच्या खुणांची एक पायी फेरी घुसवते. महाद्वारातून बाहेर पडायचं, बिनखांबी गणेशावरून खरी कॉर्नर आणि पुढं खासबाग. रिक्षा करण्याइतकं अंतर नाही, आणि रिक्षातून यातलं काही दिसतही नाही.

परवा नणंदेचा मुलगा आला होता. पुण्यात ध्वनिमुद्रण शिकतो. खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ, म्हणजे बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याची आठवण, दाखवला तर म्हणाला, "मामी, मला वाटलं ट्रॅफिकचं काहीतरी असेल." त्याला काय बोलणार? गाड्यांच्या गर्दीत तिथं उभं राहायलाच धड जागा मिळत नाही. तरी उभं केलं त्याला, आणि सांगायला लागले.

बाबूराव मेस्त्री, म्हणजे मूकपटांच्या काळातले आपले दिग्दर्शक बाबूराव पेंटर, आणि नात्यानं त्यांचे भाऊ असलेले आनंदराव हे मुळात नाटकाचे पडदे रंगवायचे. गायक-नट केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श' नाटक मंडळीचे पडदेसुद्धा त्यांनी रंगवले. मग सिनेमा बघितला आणि दोघांना तेच वेड लागलं. मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर आणला, त्यावर लोकांना चित्रपट दाखवले आणि दाखवता दाखवता यंत्र समजून घेतलं. पुढची पायरी स्वतःचा कॅमेरा. तो पुरा व्हायच्या आधीच, 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. शिष्यांना हाताशी धरून 1918 मध्ये कॅमेरा चालता केला.

"पण पैसे कुणी दिले?" पोरानं नेमकं विचारलं. आजच्या पोरांचं हे मला आवडतं, भारावून जाण्याआधी हिशोब मागतात. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी तानीबाई कागलकरांनी पैसे दिले. बाईंना शास्त्रीय गाण्याचा मोठा शौक. म्हणजे बघा, हात नाटकाच्या पडद्यावर तयार झालेला, आणि पैसा गाण्याच्या शौकीन बाईचा. त्या स्तंभापाशी तानीबाईंचंही नाव ठळक दिसायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

याच कंपनीचा 'सैरंध्री' 1920 मध्ये आला. त्यातला कीचकवध इतका अंगावर येणारा होता की सेन्सॉरनं तो कापायला लावला. बरोबरच आहे. तालमींच्या गावात लुटुपुटूची मारामारी कुणी खपवून घेतली असती? व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल हे सगळे याच कंपनीत घडले आणि 1929 मध्ये त्यांनी इथंच 'प्रभात' ही स्वतःची फिल्म कंपनी काढली. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' (1932) कोल्हापुरात तयार झाला. प्रभात पुण्याला गेली ती त्यानंतर, 1933 मध्ये. हे मी पुण्याच्या पाहुण्याला जरा सावकाश सांगते.

खासबागेत गेलं की शाहू महाराजांचं डोकं कळतं. 1912 चं कुस्तीचं मैदान, आणि त्याला लागूनच 1915 चं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. हलगी आणि नाट्यपद शेजारी-शेजारी. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री बातमी कळल्यावर आमच्या गल्लीतली, कधी नाटकाला न गेलेली माणसंही रस्त्यावर आली होती. त्याबद्दल मी पाहुण्यांना फार सांगत नाही. नुसतं दाखवते.

जवळच गायन समाज देवल क्लब, ही गाण्याची जुनी संस्था, स्थापना 1883. इथं मात्र भाच्याचे कान टवकारले, कारण मी अल्लादिया खाँसाहेबांचं नाव घेतलं. खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गवई. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. 1977 मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानं सोडली, त्यांच्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. "ती तबकडी आम्हाला शिकवलीय, खरंच," तो म्हणाला. कोल्हापूर मात्र शिकवलं नव्हतं. मी लगेच भाव खाल्ला.

विद्यापीठातल्या वि. स. खांडेकर संग्रहालयात मी पाहुण्यांना एकटंच पाठवते. मी गेले की प्रत्येक फलक वाचत बसते आणि घरी स्वयंपाक तसाच राहतो. जयप्रभा स्टुडिओबद्दल विचारू नका. चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांची ती जागा, तिचं पुढं काय झालं यावर बोलायला लागले तर रक्तदाब वाढतो.

कुणाला ही फेरी करायची असेल तर 1 डिसेंबरला सकाळी या. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा तो स्थापना दिवस, 1917 चा. त्या दिवशी चित्रपटवाली मंडळी खरी कॉर्नरच्या स्तंभाला हार घालायला जमतात. आणि तांबडा-पांढरा फेरीनंतरच ओरपा. आधी जेवलात तर बिनखांबीच्या पुढं पाय उचलायचा नाही.