लागेल कधीतरी

सकाळपासून पावसाने असा जोर धरला होता की समोरची इमारतही धड दिसेना. बाहेरची कामं आपोआप रद्द झाली. अशा दिवशी मला हमखास येते ती घर आवरायची सुरसुरी दहाच्या सुमारास आली.

ही सुरसुरी धोक्याची असते. मागे एकदा असाच घरात अडकून पडलेला दिवस होता आणि मी कपड्यांचं अख्खं कपाट पलंगावर रिकामं केलं. दुपारपर्यंत उत्साह टिकला, मग तळाशी एक जुना अल्बम सापडला आणि तिथेच घात झाला. रात्री कपडे पलंगावर आणि मी सोफ्यावर झोपलो. पुढचे चार दिवस तो ढीग सकाळी खुर्चीवरून पलंगावर आणि रात्री पलंगावरून खुर्चीवर ये-जा करत होता. तेव्हापासून नियम केलाय: वर्तमानपत्राच्या एका पानावर जेवढं ओतता येईल तेवढंच आवरायला घ्यायचं. औषधांचा डबा चालेल, शिवणाची पेटी चालेल, पर्स तर उत्तमच. माळा नको. ‘एकदा सगळी कागदपत्रं लावून टाकू’ हे तर उच्चारायचंही नाही.

या खेपेला पाळी आली खालून दुसऱ्या खणाची. तुमच्याही घरी तो असणारच. त्याला नाव नसतं. काही सापडत नसलं की ‘तिथे बघितलंस का?’ असं कुणीतरी आतून ओरडतं, आणि ‘तिथे’ म्हणजे कुठे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पान पसरलं, खण उपडा केला. आवाज ऐकून आई आली आणि खुर्ची ओढून बसली. मला वाटलं मदत करणार. ती पहाऱ्याला बसली होती.

पहिले सुटे केले ते पेन्सिल सेल. अकरा निघाले. चांगले कुठले आणि संपलेले कुठले, हे खणातल्या सेलवरून कधीच कळत नाही, कारण रिमोटमधून काढलेला मेलेला सेल टाकून द्यायचा जीव होत नाही आणि तो नव्याच्या शेजारी जाऊन निजतो. एक युक्ती मात्र मला ठाऊक होती. सेल उभा धरून बोटभर उंचीवरून फरशीवर सोडायचा. नवा अल्कलाइन सेल ‘थप’ करून जागच्या जागी बसतो, वापरलेला टुणकन उडतो. आतलं जस्त नव्या सेलमध्ये चिकट लगद्यासारखं असतं आणि आपटल्याचा धक्का गिळून टाकतं; वापरता वापरता त्याचं ऑक्साइड होत जातं, लगदा कडक होतो आणि सेल चेंडूसारखा वागू लागतो. मात्र उडाला म्हणजे पुरता संपला असं नाही. निम्माशिम्मा वापरलेलाही जवळजवळ तेवढाच उडतो. माझ्या अकरांपैकी आठ उडाले. एकाच्या टोकाला पांढरी बुरशी आल्यासारखी दिसत होती; ते गळलेलं क्षार असतं, त्याला उघड्या हाताने शिवू नये. तो कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

एक चपटा, बटणासारखा सेलही निघाला. त्यावर २०३२ लिहिलेलं असतं ते नुसतं नाव नाही, माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. लहान मूल येत-जात असलेल्या घरात मात्र हा खणात मोकळा लोळता कामा नये. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तो चिकटपट्टीत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला. इथे आई काही बोलली नाही.

वायरींच्या बाबतीत मात्र बोलली. जाड पिनेचा चार्जर उचलला, तर म्हणाली, “असू दे रे. लागेल कधीतरी.” ज्या फोनचा तो चार्जर, तो फोन जाऊन दहा वर्षं झाली. युरोपीय संघाने २०२४च्या अखेरीपासून नव्या मोबाइलना टाइप-सी सक्तीचं केलं, आणि आमचा खण अजून तीन पिढ्या मागे. मी चार्जर टाकायच्या ढिगात ठेवला. चहा करून परत आलो तेव्हा तो आईच्या मांडीवर होता.

पावत्यांनी वाद घातला नाही, कारण त्या कोऱ्या झाल्या होत्या. इस्त्री घेतल्याचा पुरावा म्हणून जपलेला कागद म्हणजे नुसती गुळगुळीत पांढरी पट्टी. या पावत्यांवर शाई नसतेच, कागदावरचा थर उष्णतेने काळा होतो आणि तीच अक्षरं. पुढे ऊन आणि ऊब लागून तीच विरत जातात. प्लास्टिकच्या पाकिटात नीट जपून ठेवल्या तर काही वेळा लवकरच. वस्तू घेतली त्याच दिवशी पावतीचा फोटो काढावा, हे शहाणपण मला इस्त्री बिघडल्यावर सुचलं. रबरबँडांचं वर्णन करत नाही. ते तळाला वितळून चिकटले होते, नखाने खरवडावे लागले.

शेवटी उरली एक किल्ली. पितळेची, गोल डोक्याची, दात झिजलेले. घरातल्या प्रत्येक दाराला, कपाटाला, पेटीला लावून पाहिली. आईला विचारलं. तिने ती हातात घेतली, उलटसुलट केली, अंगठा फिरवला. “आपलीच आहे,” म्हणाली. कशाची, ते आठवेना.

खण अर्धा रिकामा झाला होता. पाऊस चालूच होता, म्हणून नियम मोडून खालचा खणही जरासा उघडला. मागच्या कोपऱ्यात, फडक्यात गुंडाळलेलं एक पितळी कुलूप. बंद. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. आईने फडक्याच्या टोकाने ते पुसलं, भोकात फुंकर मारली आणि किल्ली आत सरकवली. अर्धी गेली आणि अडली. तेलाचा थेंब सोडून पाहिला, उलटी करून पाहिली.

नाही लागली.

आईने दोरा आणला, किल्ली कुलपाच्या कडीला बांधली, दोन्ही खालून दुसऱ्या खणात ठेवली आणि खण लोटता लोटता म्हणाली, “लागेल कधीतरी.”