अण्णांचा घाट आणि आमचा ट्रेलर

"ट्रक पेट्रोलवर?" अण्णांनी व्हिडिओ कॉलवर तीनदा विचारलं. वाई डेपोत एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, त्यांना कसं पटणार? त्याआधी मी इथल्या सवयीने पेट्रोलला 'गॅस' म्हणून गेलो होतो, तेव्हा तर आईच्या डोळ्यांसमोर थेट सिलिंडर आला.

आम्ही अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो. गेल्या वर्षी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) घेतला, सामानासकट साडेसात हजार पाउंड वजनाचा, म्हणजे सुमारे 3,400 किलो. तो ओढायला पिकअप ट्रक हवा. फोर्ड एफ-250, पण इंजिन 7.3 लिटरचं पेट्रोल की 6.7 लिटरचं डिझेल? दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता.

कागदावर डिझेलच भारी. टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, दुपटीहून जास्त, शिवाय हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या टर्बोमुळे विरळ हवेतही दम टिकतो. बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण 3 टक्के घटते. डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्या आय-70 हायवेवरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्या वर आहे. म्हणजे तिथे पोचेपर्यंत पेट्रोल इंजिनाच्या 430 घोड्यांतले सव्वाशेच्या वर गळपटलेले.

पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळं स्टिकर असतं, ते वाचा. गाडीत माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. डिझेल इंजिन मुळात जड, तेवढी आपली सोय कमी. आम्ही पाहिलेल्या गाड्यांत पेट्रोलवर 2,900 पाउंड होतं, डिझेलवर 2,100. ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर येतो आणि तोही यातच धरायचा, म्हणजे आमचे हजार तिथेच गेले. मग आम्ही चौघं, सायकली, शेकोटीची लाकडं, आणि बायकोचा बिडाचा तवा. वर डिझेलला दहाएक हजार डॉलर जास्त मोजायचे, आणि रोजचं ऑफिस चार मैलांवर. एवढ्यात डिझेलचा काजळीचा फिल्टर तापतसुद्धा नाही, चोंदतो. पेट्रोल घेतलं.

जूनमध्ये पहिल्यांदा घाट चढलो. उजवी लेन, अठरा चाकी ट्रकांच्या मागे, चाळिसाचा स्पीड, इंजिन नुसतं किंचाळतंय. लेकीने कानांत बोटं घातली. मला त्याचं काही नाही, उशीर झाला तर झाला. माझी फाटली ती बोगद्यापलीकडे. सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत 7 टक्क्यांचा उतार, आणि कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी चढत्या रॅम्प केलेल्या. माझ्याहून मोठा ट्रेलर घेऊन एक डिझेलवाला शेजारून उतरला, एक्झॉस्ट ब्रेकवर (धूर अडवून इंजिनानेच वेग रोखायची सोय), मागचा लाल दिवा एकदाही न लावता. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

मी मात्र पसरणी घाटातलं अण्णांचं ऐकलं: "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचं." टो/हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खालचे ठेवायची सोय) लावला, बोगद्यातच गिअर खाली घेतला, ब्रेक अधूनमधून फक्त टेकवला. खाली पंपावर उतरून चाकाजवळ हात नेला. गरम होतं, पण लायनर जळल्याचा वास नव्हता.

अण्णांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "बरं केलंस. ॲव्हरेज किती देतो?"

गॅलनला नऊ मैल. लिटरला चार किलोमीटरही नाही. त्यांची एसटी याहून जास्त द्यायची, म्हणून अजून सांगितलेलं नाही.